सुरकुत्यांचा सूट

३ एप्रिल
ऑफिसात घामाचा नुसता कुबट वास. शेजारच्या टेबलावरचा चकचकीत (कायम झुळझुळीत पॉलिएस्टर घालतो, म्हणून हे नाव) उठला की पाठ खुर्चीच्या रेक्झिनपासून फर्रकन सुटते. किळस येते. आणि सुपरिंटेंडंटच्या जागेसाठी साहेब आम्हा दोघांचा विचार करताहेत! निदान कपड्यांवरून तरी फरक कळायला हवा. संकल्प: उन्हाळी कापडांचा सखोल अभ्यास.

५ एप्रिल
अभ्यास पूर्ण. लिनन बाद, बसलं की चुरगळतं. सीरसकर घ्यायचं. त्यात विणतानाच चुण्या पाडलेल्या असतात; कापड अंगाला चिकटत नाही, आतून वारा खेळतो, इस्त्री नको. बायकोला समजावलं. तिने विचारलं, हे शिरसकर तुमच्या ऑफिसातले का. या घरात अभ्यासाला किंमत नाही.

८ एप्रिल
पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचं कापड शिंप्याकडे टाकलं. कोट-पँट. त्याने ते चोळून पाहिलं आणि विचारलं, "नाडी की इलास्टिक?" घाणेरडा विनोद.

१४ एप्रिल
सूट आला. वाऱ्यासाठी अस्तर लावू दिलं नव्हतं. कोट खांद्यावरून जरा ओघळतो. त्याला रिलॅक्स्ड फिट म्हणतात. बायको म्हणाली, हे घालून दूध आणायलासुद्धा जाऊ नका.

१५ एप्रिल, सकाळी
साहेबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. हॉस्पिटलात भेटायला जातोय. सूट घालून. आज छाप पडणार.

१५ एप्रिल, संध्याकाळी
वॉर्डच्या दारातच नर्सने दंड धरला. सारखं उठून फिरायचं नाही म्हणून दटावलं, रिकाम्या कॉटवर बसवलं, तोंडात थर्मामीटर कोंबला. आधी कुणाकुणाच्या तोंडात गेला असेल! शिसारी आली. बोलता येईना. आजूबाजूला बघतो तर सगळे पेशंट पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांत. समोरच्या कॉटवरून साहेबांनी मला ओळखलं. त्यांचे डोळे भरून आले.
"अहो, स्वतः अॅडमिट असून मला बघायला आलात?"
थर्मामीटर निघाल्यावर खरं सांगणार होतो. पण एवढे गहिवरले होते, कशाला मोडता घाला. निष्ठा दिसली. जागा माझीच.

१७ एप्रिल
साहेबांचा फोन. माझ्या तब्येतीला जबाबदारीचा ताण झेपणार नाही, म्हणून जागा चकचकीतला. मला महिनाभर सक्तीची विश्रांती. आभार मानले. दुसरं काय करणार?

१८ एप्रिल, दुपारी
सूट घालून पंख्याखाली आडवा झालो. घाम नाही, चिकचिक नाही. कापडाबाबत मी बरोबरच होतो. शेजारचे काका संत्री घेऊन आले, काय होतंय विचारलं. गॅस म्हणालो. संत्री आंबट निघाली.