उतार आतल्या बाजूला

तीर्थस्वरूप आत्यास,

धाकट्या भाच्याचा वाकून नमस्कार. (नमस्कार कागदावरच केला आहे. खरोखर वाकलो तर डावीकडे कमरेत उसण भरते, त्याचं कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठड्याला धरतेस ना? पण फार भार टाकू नकोस, तिसऱ्या पायरीजवळ तो हलतो, हे मी मागच्या खेपेला सांगितलं होतं आणि कुणी मनावर घेतलेलं नाही. ठमीचा खोकला थांबला का? आजीच्या, म्हणजे तुझ्याच, लाडानं तिला पुन्हा बर्फाचं सरबत मिळत नसेल अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम आहे असं यापुढे लिहायची पद्धत आहे. त्या वाक्यापुरती जागा सोडून पुढे जातो.

(                    )

सगळ्यात आधी सांगतो, आतोबा सुखरूप आहेत. तू पत्राचा शेवट आधी वाचतेस आणि मग घाबरून मधलं वाचतच नाहीस, म्हणून हे इथेच लिहिलं. ते ओले झाले होते, आता बऱ्यापैकी कोरडे आहेत. अंगात माझा शर्ट आहे. त्याची बटणं त्यांना लागत नाहीत, म्हणून कार्यालयात फाइल छातीशी धरून बसले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला ते कामात बुडाल्यासारखे दिसतात.

आता मुळापासून सांगतो. आतोबांनी मला या नव्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर चिकटवलं, हे तुला ठाऊकच आहे. दहावी नापासाला यापेक्षा बरं काम मिळायचं नाही, हे ते मला रोज सांगतात आणि ते खरंच आहे. (कामावर त्यांना आतोबा म्हणायचं नाही, अध्यक्ष म्हणायचं. पत्र घरचं असल्यामुळे इथे सवलत घेतो.) माझं काम एवढंच, की सुरक्षेच्या नियमांचं पुस्तक हातात घेऊन तलावाभोवती फिरायचं, आणि सगळं त्याबरहुकूम असेल तर ‘तपासलं, सुरक्षित आहे’ असं लिहून सही करायची. त्या सहीशिवाय तलाव उघडता येत नाही. सहीला घरचा माणूस बरा, असं आतोबांचं मत होतं. फक्त घरच्या माणसानं पुस्तक वाचायला सुरुवात केली, तिथून घोटाळा झाला. मी जिथे तिथे ‘सावकाश’ म्हणतो म्हणून इथे माझं नावच सावकाश पडलं आहे. ‘सावकाश, चहा आण’ म्हटलं की मी पळत जातो, तरी नाव बदलत नाही.

आपले मिस्त्री कसबी आहेत, त्यांच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण जन्मभर त्यांनी मोऱ्या आणि न्हाणीघरं बांधली, आणि मोरीचा एकच कायदा, सगळा उतार जाळीकडे. तलाव म्हणजे त्यांच्या लेखी एक थोर मोरी. त्यामुळे तलावाच्या काठाला चारी बाजूंनी जी फरशी आहे, जिच्यावर माणसं उभी राहतात, चालतात, मुलं पळतात, तिलाही त्यांनी झकास उतार दिला, तलावाकडे! पुस्तकात याच्या बरोबर उलट आहे. काठाचा उतार बाहेर हवा, पाणी बाहेरच्या गटारात जायला हवं आणि फरशी खरखरीत हवी. फरशी आतोबांनी स्वतः पसंत केली आहे. ती इतकी गुळगुळीत आहे, की तिच्यात बघून भांग पाडता येतो (आतोबा पाडतातही).

मी मिस्त्रींना म्हटलं, उतार उलटा झाला.

‘अरे सावकाश, पाणी तलावाचं. ते तलावात जाणार नाही तर काय तुझ्या घरी जाणार?’

‘पण मिस्त्री, पाण्याबरोबर माणूसही जाईल.’

‘मग? तो कशाला आलेला असतो? पाण्यातच जायला ना?’

मी फरशी ओली करून तिच्यावर रिकामी बादली ठेवली, ती आपली आपण निघाली. प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तिनं थोडा विचार केला आणि तीही निघाली. मग आतोबांनी इंजिनियरसाहेबांना बोलावलं. ते गाडीतून उतरून आले, हाताची घडी घालून काठावर उभे राहिले आणि उतार नगण्य आहे हे मला समजावू लागले. समजावता समजावता ते माझ्यापासून लांब जात होते. मी त्यांची बाही धरली, तर माझाच तोल जाऊन मी आपटलो. कमरेचं कारण हेच. साहेब म्हणाले, या मुलाचे बूट खराब आहेत. तसं त्यांनी लिहूनही दिलं.

एक लढाई मात्र मी जिंकलो. तलावाच्या तळाशी पाणी ओढून घेणारं तोंड असतं आणि त्यावर जाळी असते. पंप चालू असताना ते तोंड असं खेचतं, की उघड्यावर लहान मुलाचा हात नाहीतर केस अडकला तर सोडवता येत नाही. मिस्त्रींनी जाळी मोरीसारखी नुसती वर ठेवली होती. स्क्रू लावल्याशिवाय पाणी भरू देणार नाही म्हणून मी कोरड्या तलावात त्या जाळीवर बसून राहिलो. शेवटी आतोबाच वरून ओरडले, ‘लाव रे बाबा त्याला स्क्रू, नाहीतर तो तिथेच संसार थाटेल!’ स्क्रू लागले. दोरी बांधलेलं तरंगतं कडंही मिळालं. लांब बांबू मात्र मिळाला नाही, आणि बुडणाऱ्याला वाचवणारा पोहणारा माणूस उद्घाटनानंतर नेमायचा असं ठरलं. म्हणजे आज या अख्ख्या इमारतीत पोहता येणारं कुणीही नाही, माझ्यासकट.

उद्घाटन परवा आहे. आतोबांनी बेत असा केला आहे, की आपण खोल बाजूच्या काठावर उभं राहून भाषण करायचं आणि त्याच काठावर शाळेची मुलं ओळीनं उभी करायची. सगळ्यात पुढे आपली ठमी, हातात फुलं घेऊन. तिथून फोटोत पूर्ण तलाव येतो. आत्या, तेव्हापासून मला जेवण जात नाही. ठमी एका जागी उभी राहते का कधी?

मी आज सकाळी हात जोडले, म्हटलं, मुलांना बाहेरच्या पायऱ्यांवर उभं करू. आतोबा म्हणाले, ‘कर ती फरशी ओली. तुझ्यासमोर भाषण करून दाखवतो, म्हणजे तुझं तोंड एकदाचं बंद होईल.’ मी फरशी ओली केली. ते नवे चामडी बूट घालून उभे राहिले, घसा खाकरला, उजवा हात वर केला आणि ‘मित्रहो’ म्हणाले. ‘मित्रहो’ संपेपर्यंत ते काठाशी पोचले होते. हात वरच होता. चेहऱ्यावर जराही घाबरणं नव्हतं, फक्त आपण का हलतो आहोत याचं थोडं आश्चर्य होतं. मग ते दिसेनासे झाले.

तरुणपणी पुराची नदी पोहून पार केल्याची गोष्ट त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्यांदा सांगितली आहे, की मी आणि मिस्त्री क्षणभर आदरानं पाहत राहिलो. ते वर आले, तेव्हा नदी पोहलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. मी कडं फेकलं. देवाच्या दयेनं ते त्यांच्या हाताला लागलं. मिस्त्रींनी दोरी ओढायला पाय रोवले, पण स्वतःच घडवलेल्या उतारावर त्यांचे पाय काही रुततात? ते बसल्या बसल्या पाण्याकडे निघाले. मी एका हातानं शिडीचा दांडा आणि दुसऱ्या हातानं त्यांची कॉलर धरली. अशा रीतीनं आम्ही तिघं एका दोरीत ओवलेले, कुणी धड आत नाही, कुणी धड बाहेर नाही. शेवटी फाटकापाशी असलेला ड्रायव्हर धावत आला आणि त्यानं आम्हाला ओढून काढलं.

आतोबा बाहेर आले, पण त्यांची कवळी आली नाही. ती तळाशी जाळीवर बसली आहे, वरून स्वच्छ दिसते. (स्क्रू नसते तर पंपातच गेली असती.) हाताशी आहे तो बांबू तोकडा पडतो. बाहेरून पोहणारा बोलवायला आतोबा तयार नाहीत, कारण ते दात त्यांचे नाहीत हे गावाला कळेल. ड्रायव्हरला आतोबांची दाढ दुखते, घरून औषधाची डबी आणायची आहे, असं सांगितलं आहे. तेव्हा तुला कळकळीची विनंती, की कपाटातल्या डबीतली जुनी कवळी पत्र घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरबरोबर ताबडतोब पाठवावी. दातांशिवाय भाषण नाही आणि भाषणाशिवाय उद्घाटन करायला आतोबा तयार नाहीत. दात आले की मी सही करायची, नाहीतर उद्यापासून घरी बसायचं, असं त्यांनी तोंडावर रुमाल धरून मला बजावलं आहे. सहीचा कागद आणि पेन माझ्यासमोरच आहे.

जिन्याला जपावं. ठमीला आशीर्वाद.

तुझा,
सावकाश

ता. क. वरची विनंती आतोबांची आहे. त्यांनी चारच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. चष्माही तळाशी असल्यामुळे बाकीचा मजकूर त्यांना वाचता येत नाही. इतका वेळ काय लिहितोस म्हणून विचारतात, मी शुद्धलेखन तपासतो आहे असं सांगतो. (तेही तपासतो आहे.)

ता. क. दुसरा. आता माझी विनंती. आत्या, कवळी पाठवू नकोस. ती आली नाही, तर तळाची काढण्यासाठी तलाव रिकामा करावाच लागेल, आणि पुन्हा भरायला आठवडा जाईल. तेवढ्यात काठ फोडून उतार बाहेर काढून देतो आणि फरशीही खरखरीत बसवतो, असा शब्द मिस्त्रींनी मला दिला आहे. स्वतः त्या उतारावरून गेल्यापासून ते फार शांत झाले आहेत. तुला खोटं बोलायला लागू नये, म्हणून डबी आधी ठमीकडे दे आणि लपव म्हणावं. तिनं लपवलेली वस्तू तिलासुद्धा सापडत नाही. मग ड्रायव्हरला खुशाल सांग, की सापडत नाही.

ता. क. तिसरा. पुराच्या नदीबद्दल आतोबांना काही विचारू नकोस.

ता. क. चौथा. वर कंसात क्षेमाच्या वाक्याची जागा मोकळीच राहिली आहे. ड्रायव्हर रिकाम्या हातानं परत आला, की ते वाक्य वेगळ्या कार्डावर लिहून पाठवीन.