आंगवणीचा बोकड सरकारने जप्त करावा म्हणून

दि. ६ एप्रिल १९८८

प्रति,
मा. मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी, पेडणे,
गोवा राज्य.

विषय : माझ्या दावणीचा एक बोकड येत्या अमावास्येपूर्वी सरकारजमा करून घेण्याबाबत.

संदर्भ : आमच्या सरपंचांना केलेली तोंडी विनंती. ते हसले.

महोदय,

मी खाली सही करणारा गोकुळदास शांताराम परब, राहणार आंबेखोल, तालुका पेडणे, धंदा शेती, सविनय सादर करतो की, आमचे जनावर जप्त करू नका असे अर्ज आपल्याकडे नेहमी येत असतील. माझा अर्ज उलटा आहे. तो कृपया शेवटपर्यंत वाचावा, कारण मध्येच सोडल्यास अर्जदार वेडा आहे असा समज होतो. घरात तो झालेलाच आहे.

१. माझी मुलगी योगिता हिला दोन वर्षांपूर्वी विषमज्वर झाला. म्हापशाच्या डॉक्टरांनी औषध दिले, मी नाकारत नाही. पण ज्या दिवशी तिने मला ओळखले नाही, त्या दिवशी मी गावच्या राखणदार देवापुढे आंगवण केली, म्हणजे नवस बोललो, की पोर उठून चालू लागली तर माझ्या शेळीला पहिला जो नर होईल तो तुझा. पोर उठली. शेळीला नर झाला. सदर बोकड तोच. येत्या अमावास्येला तो द्यायचा आहे. बोललेले जनावर विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, त्याच्या बदल्यात दुसरेही चालत नाही. ही आमच्याकडची रीत आपण जाणताच.

२. आमच्या घराच्या पलीकडे ख्रिस्तींचे कपेल आहे. तिथे कार्मेलिना लोबो नावाच्या बाई आयतवारी मुलांना दोतोर्न, म्हणजे त्यांच्या धर्माची शिकवण देतात. त्यांची पद्धत अशी की पुस्तक मिटायचे आणि जनावर आणायचे. कोंबडा आणून त्यांनी पेद्रूने आपल्या गुरूला तीनदा कसे नाकारले ते सांगितले. गाढव आणून देवाचा पुत्र शहरात कसा शिरला ते सांगितले, त्या दिवशी गाढवाने वेदीवरची फुले खाल्ली आणि पाठ लवकर संपला. जनावरे पाहायला गावातली सगळीच मुले व्हरांड्यात बसतात, माझी योगिताही. याबद्दल माझी तक्रार नाही. सरपंचांनी मला सुचवले की अर्जात धर्मांतराचा शब्द घाल, म्हणजे कागद पटापट हलेल. मी तो घातला नाही, कारण तसे काही घडलेले नाही आणि कार्मेलिनबायने माझ्या पोरीच्या आजारपणात आठवडाभर पेज करून पाठवली आहे. नवे राज्य मिळाल्यापासून लोकांना कशातही भांडण दिसते.

३. पास्काआधीच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, आयतवारी कोकराचा पाठ होता. मेंढरे आमच्या भागात नाहीत. कार्मेलिनबाय माझ्या अंगणात येऊन म्हणाल्या, "तुजो बोकड म्हाका घटकाभर दी रे गोकुळदास, मेंढरूं खंय मेळटा हांगा?" मी गावचे घाडी बाबाजी यांना विचारले, कारण राखणदारापुढे गाऱ्हाणे तेच घालतात. ते म्हणाले, घटकाभर शिकवणीला गेला म्हणून काही बिघडत नाही. मी बोकड दिला. त्या दिवसापासून माझ्या घरात कुणी धड जेवलेले नाही.

४. कार्मेलिनबायने मुलांना सांगितले की पूर्वी माणसे आपल्या चुकांसाठी कोकरू देत असत, पुढे देवाचा पुत्र स्वतःच कोकरू झाला आणि सगळ्यांसाठी मेला. मग प्रत्येक मुलाने बोकडाच्या पाठीवर हात ठेवून आपली एक चूक त्याच्या कानात सांगावी असा खेळ घेतला. योगिताने काय सांगितले ते मागाहून तिच्या आईला, देवकीला, कळले. ती म्हणाली होती, "ताप म्हाका आयिल्लो, तुजी कांय चूक ना."

घरी येऊन ती माझ्यापुढे उभी राहिली. "बाबा, आतां आनीक कोणें मरपाची गरज ना. एकान सगळ्यांचें फारीक केलां." फारीक म्हणजे चुकते. मी रागावलो. हा त्यांचा हिशेब, आपला वेगळा, असे तिला सांगितले. ती म्हणाली, पण बोकड तोच ना.

तेव्हापासून ती गोठ्यात जेवते. शाळेत गेली की कपेलाची मुले पाळीपाळीने दावणीशी बसतात.

५. मी पुन्हा बाबाजींकडे गेलो. ते म्हणाले, मुलांच्या चुकांचे ओझे घेतलेला बोकड उष्टा झाला, राखणदार आता तो घेणार नाही. मी म्हटले, मग सुटलो. ते म्हणाले, सुटलास कसा, बोललेले तर द्यावेच लागेल. साहेब, बोकड देता येत नाही, न देऊन चालत नाही, बदलता येत नाही. मी कार्मेलिनबायकडे गेलो. त्या रडल्या, आणि पुढच्या पाठासाठी आणलेली कबुतरे त्यांनी त्याच दिवशी सोडून दिली. त्यांचे मला वाईट वाटले, पण माझा बोकड काही सुटला नाही.

६. मला भीती वाटते. ती सरळ लिहितो. योगिता अंगणात धावते, भांडते, चिंचा खाते, आणि तरी मी येता-जाता तिच्या कपाळाला हात लावतो. कपाळ थंड असते. हात काढवत नाही. ती आता मला पाहिले की स्वतःच कपाळ पुढे करते.

७. शेवटी बाबाजींना एक जुनी गोष्ट आठवली. पोर्तुगीज अमलात एका घरचा असाच बोललेला बोकड शिपायांनी ओढून नेला होता. तेव्हा बाबाजींच्या बापाने गाऱ्हाणे घातले की "राजान व्हेलो म्हणजे दिल्लोच", म्हणजे राजाने नेला तो देवाला पोचलाच, आणि राखणदाराने कौल दिला. त्या घराला पुढे काही झाले नाही. त्या राजाने न मागता नेला, आपल्या राज्याने मागून तरी न्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

जप्तीस कारण लागेल हे मला कळते. सदर बोकडाने सरकारी काजूची रोपे खाल्ली असे लिहून घेण्यास माझी हरकत नाही. त्याने ती खाल्लेली नाहीत, पण आवश्यक असल्यास मी त्याला तिथे नेऊन सोडीन. पुढचे त्याला सांगावे लागणार नाही.

ही पळवाट आहे हे मी जाणतो. राखणदारही जाणेल. आयुष्यभर बोललेला शब्द पाळणारा मी माणूस, पण मला माझी पोर हवी आहे आणि पोरीला बोकड हवा आहे. या दोहोंत मी फार दमलो.

८. जप्त जनावरांचा पुढे लिलाव होतो असे कळते. त्याची तारीख कृपया मला कळवावी. मी बोलीला हजर राहीन, कितीही चढली तरी. त्या बोकडावर मग माझी आंगवण राहणार नाही, तो सरकारकडून घेतलेला बोकड असेल. फक्त पावती माझ्या नावाने करू नये. ती कुमारी योगिता गोकुळदास परब हिच्या नावे करावी.

आपल्या शिपायाची वाट पाहणारा,
(सही)
गोकुळदास शांताराम परब
आंबेखोल, ता. पेडणे

सोबत :
१) घाडी बाबाजी यांचा अंगठा, बोकड बोललेला असल्याबद्दल.
२) कार्मेलिना लोबो यांची सही, बोकडाची काही चूक नसल्याबद्दल.