दादासाठी हलकी बॅट

४ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प: टेबल टेनिसचं एकही नवं सामान घ्यायचं नाही. कपाट ओसंडून वाहतंय. दादासाठी घेतलेलं यात धरायचं नाही.
दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही. डॉक्टर म्हणतात, बोलणं हळूहळू येईल, हाताचं सांगता येत नाही. डॉक्टरांना टेबल टेनिसमधलं काही कळत नाही. एप्रिलमध्ये क्लबची ज्येष्ठांची डबल्स आहे. आमच्या दोघांची नावं देऊन आलो.

११ जानेवारी, रविवार
दादाकडे गेलो. मागच्या खोलीत टेबल अजून मांडलेलं आहे, वर इस्त्रीचे कपडे. उचलले. वहिनींनी दादाला खुर्चीसकट आणलं. त्याच्या हातात माझी कार्बनची बॅट दिली. पडली. बॅटचाच दोष, मूठ फार बारीक.

१८ जानेवारी
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. पडली. वजन जास्त.

२१ जानेवारी
सुचलं! जुन्या काळी बॅटला रबराऐवजी बूच लावायचे. तसली एक माझ्या संग्रहात आहे, पिसासारखी हलकी. कुणाला हात लावू देत नाही. हिने एकदा तिच्यावर गरम पातेलं ठेवलं होतं, तेव्हा आमचा आठवडाभर अबोला.

२५ जानेवारी
दादाने बॅट धरली! खालून वहिनींचा हात होता, पण नियमांत त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. चेंडू टाकला. टक् आवाज आला. बॅटला नाही, दादाच्या चष्म्याला. हरकत नाही. टायमिंगचा प्रश्न.

१ फेब्रुवारी
मोठा चेंडू मागवला. नेहमीच्यापेक्षा चार मिलिमीटर जास्त. हवेत रेंगाळत, आळोखेपिळोखे देत येतो. दादाने त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होता. ट्यूबलाइट मंद आहे. बदलायला हवी.

५ फेब्रुवारी
ही म्हणाली, दादांजवळ कधी नुसतं बसता का? म्हटलं, बसून खेळायचं तंत्रच वेगळं, त्यावर वाचन चालू आहे. ही उठून आत गेली.

८ फेब्रुवारी
वहिनी दारातच म्हणाल्या, भाऊजी, आज बॅट नको ना, तुम्ही गेल्यावर हे कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून पडतात. बॅटला लावलेल्या सोल्यूशनचा वास सहन होत नसेल. बिनवासाचा गोंद शोधायचा.
निघताना जुना सेल्युलॉइडचा चेंडू दादाच्या नाकाशी धरला. त्याला कापरासारखा वास येतो, आताच्या प्लॅस्टिकला येत नाही. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. खेळ रक्तातच आहे त्याच्या!

१५ फेब्रुवारी
व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आधी चमचा धरू द्या त्यांना. चमचा! चमच्याला कुठे स्पिन असतो?

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
दादा बोलला. एकेक शब्द ओढत, पण बोलला. मी बॅट पुढे केली तर म्हणाला, "नको." मग म्हणाला, "हा खेळ... मला... आवडत नाही."
म्हटलं, आत्ता थकलायस.
"कधीच... नव्हता."
वहिनी म्हणाल्या, अहो, राहू द्या. पण तो थांबेना. वडिलांनी सांगितलं होतं म्हणे, धाकट्याला घेऊन खेळत जा, त्याला कुणी मित्र नाहीत. पुढे दादाचं लग्न झालं, मुलं झाली, तरी दर रविवारी मी दोन बॅटी घेऊन दारात हजर. "मला... झोपायचं असायचं."
मग बोलला का नाहीस, विचारलं.
"तू... इतका खूश... असायचास."
झटक्यानंतर आठवणींची सरमिसळ होते, असं कुठेतरी वाचलंय. कुठे, ते आठवत नाही.
वहिनींनी त्याला पलंगावर निजवलं. मी टेबल दुमडलं. दोघांचं काम आहे ते, एकट्याला आवरत नाही. पाय चेमटला.
घरी आल्यावर हिने विचारलं, दादा काय म्हणाले?
म्हटलं, बोलायला लागलाय. अगदी स्पष्ट.