ताईचे बारा ड्रेस आणि माझी लेन्स

३ मार्च, सोमवार
ताईने शिवलेल्या बारा ड्रेसचे फोटो रविवारी सकाळपर्यंत बुटीकवालीला पाठवायचेत. पसंत पडले तर ताईला वर्षभराचं काम. स्टुडिओवाल्याने सहा हजार सांगितले. मी म्हटलं, तेवढ्यात आपला स्वतःचा कॅमेरा येईल की! ताईने बॉबिनच्या डब्यातून सहा हजार काढून दिले. वर म्हणाली, चाळे केलेस तर कान कातरीन.
संकल्प : एक पैसा वाया घालवायचा नाही. चाळे बंद. उद्यापासून. आज मिठाच्या बरणीत साखर ऑलरेडी भरून झालीय.

४ मार्च, मंगळवार
दिवसभर व्हिडिओ बघून अभ्यास. बाबा म्हणाले, एवढा शाळेत केला असतास तर. (आमटी गोड लागल्यामुळे चिडले होते.) सगळे जाणकार एकच सांगतात : पैसा लेन्सवर घाला, कॅमेरा कसलाही चालतो. पटलं.

५ मार्च, बुधवार, दुपारी
जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान. म्हातारे मालक चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर. मी गप्प. लेन्स उजेडात धरून म्हटलं, काका, आत बुरशी आहे हो. नव्हती. पण त्यांना कुठे दिसतंय! साडेसातची लेन्स साडेपाच हजारांत पाडली. याला म्हणतात खरेदी.

६ मार्च, गुरुवार
उरलेल्या पाचशेत कॅमेरा मिळत नाही. चूक बाजाराची.
माझा दोस्त जाड्या, त्याने त्याच्या मामाचा जुना कॅमेरा आणला. लेन्स बसेना. जाड्या म्हणाला, कंपनी वेगळी आहे, गाढवा. मी म्हटलं, जोर लाव. लावला. कॅमेऱ्याची कडा तुटली. लेन्सला ओरखडाही नाही. क्वालिटी!
जाड्या बोलत नाहीये.

७ मार्च, शुक्रवार
लेन्स परत द्यायला गेलो. आज काकांचा चष्मा नाकावर. म्हणाले, बुरशीवाला माल घेत नाही, बाळा. म्हटलं, बुरशी नाहीये, नीट बघा ना. म्हणाले, बघतोय की, परवा तूच दाखवलीस. फार तर दोन हजार देतो.
घेतले. झाले अडीच. तिथेच चोवीसशेत ट्रायपॉड घेतला. कॅमेरा काय, आज ना उद्या येईल. पाया भक्कम हवा.

८ मार्च, शनिवार
ताईला सांगितलं. आधी गुंतवणूक, दूरदृष्टी वगैरे प्रस्तावना केली. ती ओरडलीच नाही. नुसती बारा ड्रेसकडे बघत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मग आईचा फोन घेतला, खिडकीशी पांढरी चादर लावली. ट्रायपॉडला ड्रेस घातला. पावसात फाटलेला तंबू दिसला. मग ताईने माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. आमची उंची आणि अंगकाठी सेम आहे हे आजवर कधी खटकलं नव्हतं.
फोटो गळ्यापासून खाली घेतले. तेवढी दया केली.

९ मार्च, रविवार
ताईला काम मिळालं! बाराही पसंत. मी म्हटलं, बघ, माझा प्लॅन. ताई हसून हसून खाली बसली. बुटीकवाली म्हणे विचारत होती, मुलगी कोण, काय सुंदर उभी राहते. संध्याकाळी आणखी चार फोटो हवेत, तीच मुलगी हवी. फक्त तिला हातापायांवरचे केस काढायला सांगा म्हणाली.
ताई आत मेण गरम करतेय.