पांढरी अंगठी

२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

दुकानाची दगदग कमी कर असं मी लिहायचं आणि तू ते कानाआड करायचं, हे ठरलेलंच आहे. म्हणून या वेळी लिहीत नाही.

आम्हा चार भागीदारांच्या खाणीत यंदा सोनं लागलं. घरावर पत्रे चढले, शाळेला दुसरी शिक्षिका मिळाली, कामासाठी परगावी गेलेले लोक परत आले. नदी मात्र गढूळ झालीय. मासे विकणारी शेजारीण मला बघून तोंड फिरवते. तिचंही खरं आहे, पण पोट सगळ्यांनाच आहे.

तुझ्या भावजयीला सहावा महिना लागला. वाळू धुवायला ती आता उतरत नाही. सोनं धरलेल्या पाऱ्याचा गोळा फडक्यात पिळते आणि स्वयंपाकघरात तव्यावर तापवते. पारा उडून जातो, सोनं उरतं. बसल्या जागेचं काम.

आता तक्रार. लग्नात तू घडवून दिलेली तिची अंगठी चांदीसारखी पांढरी पडलीय. सोनारणीनं सख्ख्या भावालाही सोडलं नाही, असं मी भागीदारांना सांगत सुटलोय. तुझ्या सोन्यात खोट निघाली, ताई. भरपाई काय देतेस ते कळव.

लोभ असू दे, रागही चालेल.

तुझा धाकटा


९ मार्च

चि. धाकटोबास, अ. आ.

माझ्या सोन्यात खोट नाही. हे वाक्य भागीदारांना मोठ्यानं वाचून दाखव. पुढचं एकट्यानं वाच.

अंगठीनं पारा खाल्लाय. पारा लागला की सोनं पांढरं पडतं, हे बाबांनी तुलाही शिकवलं होतं, पण तुझं लक्ष पतंगात. उडून जातो म्हणतोस तो पारा जातो कुठे? पत्र्याला, पिठाच्या डब्यात, तिच्या श्वासात आणि तिच्यातून बाळात. मला भीती वाटतेय, आणि मी भित्री नाही हे तू जाणतोस.

तव्याचं काम आजपासून बंद. तिला डॉक्टरांकडे ने आणि पाऱ्याचं स्पष्ट सांग, नाहीतर थकवा आहे म्हणून गोळ्या घेऊन येशील. मग तिला माझ्याकडे पाठव. अंगठी तापवून पिवळी करायचा शहाणपणा नको. बाटलीत घट्ट बंद कर.

सोनं काढू नका, असं सोनारीण कोणत्या तोंडानं सांगणार? सोबत लोखंडी भांडं पाठवतेय. झाकण घट्ट, झाकणाला नळी. नळीवर ओली फडकी गुंडाळली की वाफेचा पारा होऊन वाटीत परत येतो. हे वस्तीपासून लांब, उघड्यावर करायचं. तब्येतीचं सांगून भागीदारांना पटलं नाही, तर तोच पारा पुन्हा वापरता येतो म्हणून सांग. लगेच पटेल.

माया आहेच. ती ऐकण्यावर अवलंबून ठेवू नकोस.

ताई


३० मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ती सुखरूप पोचल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. डॉक्टरांना तिच्या रक्तात पारा सापडला. लांब राहिली की उतरेल म्हणतात.

तुझ्या भांड्याला भागीदार आधी हसले. वाटीत पारा टपकू लागला तेव्हा आणखी एक मागव म्हणाले. आता शेजारच्या खाणवाल्यांनाही तसंच हवंय. कुणी तवा काढला की मी अंगठीची बाटली त्याच्या नाकासमोर धरतो. धुण्याचं पाणी आता खड्ड्यात निवळून मग नदीत सोडतो. शेजारणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली की मासे आले की बघू. नदीत आधीच गेलेला पारा मात्र कुठल्याच भांड्यात परत येणार नाही.

घरात करमत नाही. दोघींनी आठवण काढावी.

धाकटा


१८ जून

चि. धाकटोबास, अ. आ.

काल पहाटे मुलगी झाली. आई खुशाल आहे आणि नळीवाल्या भांड्यासारखी तोंड घट्ट मिटून, तू अजून आला नाहीस म्हणून तुझ्यावर रुसलीय. डॉक्टर म्हणतात, आज सगळं ठीक दिसतंय, पण पुढेही वरचेवर दाखवत राहा. ते आपण करू. स्वयंपाकघराचे पत्रे बदलून, भिंती खरवडून झाल्याशिवाय मी दोघींना सोडणार नाही.

मीही बाळाला उजेडात नीट निरखून पाहिलं. खोट नाही.

भरपाई मागितली होतीस ना? तयार आहे. स्वतः येऊन घेऊन जा.

तुझी ताई, आता आत्याही