फ्लोटला लावलेला डाग

आई, आज सकाळी तुझ्या गाडीचा कार्बोरेटर उघडला आणि तुझं बोलणं सुरू झालं. ‘नट हाय का नारळ? फोडू नगं, सोड त्याला.’ तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या हातात पाना आला की तुझ्या तोंडाला खळ नाही. खरं तर गाडी बाबांची. दर रविवारी ते बोनेटमध्ये वाकलेले आणि तू शेजारी, त्यांनी मागायच्या आत पाना पुढे करणारी. त्यातच तू सगळं शिकलीस, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं.

बाबांच्या वर्षश्राद्धानंतर काका आला. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, नगरच्या रस्त्यांवर चकचकीत गाड्या दिसायला लागल्या होत्या, आणि आमची काळी म्हातारी दारातल्या लिंबाखाली पेट्रोल गाळत उभी. ‘वहिनी, घोडेगावच्या बाजारात भाकड म्हशीसंगं उभी करा हिला,’ काका म्हणाला. मग गंभीर झाला. भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय म्हणाला, आणि बाईमाणसाने असे हात काळे करत दारात बसायचं म्हणजे घराण्याला डाग. तू पदर खोचलास. ‘भाऊजी, मी ही गाडी संगमनेरापल्याड अकोल्याला माहेरी घिऊन जाती. तुमीबी बसा मागं. वाटंत कुनाला ढकलाया लागली, तर तिथंच इका.’ त्या गाडीखेरीज बाबांचं म्हणून तुझ्यापाशी काय उरलं होतं?

मग आपण दोघी लागलो. टाकी उतरवली, आत खडे आणि रॉकेल घालून घुसळली, तांबडा गंज ओतला, परत घुसळली. कार्बोरेटरमधलं पेट्रोल जायचं बारीक भोक, ते जेट, बुजलं होतं. मी तार घालणार तोच तू हात धरलास. ‘भोक मोठं व्हईल, मंग नुसतीच पीत बसंल.’ फणीतला आपला लांब केस काढून तू तो जेटमधून आरपार ओढलास. आणि तो फ्लोट! पेट्रोल पुरेसं झालं की तरंगून वाट बंद करणारा पितळी डबा. स्वयंपाकघरात, गॅस बंद करून, तू तो गरम पाण्याच्या पातेल्यात दाबून धरतेस, आणि एका कडेने बारीक बुडबुडे येतात. ‘घावला चोर!’ गल्लीतल्या कल्हईवाल्या चाचांनी तो उन्हाकडे धरून पाहिला. ‘भाभी, इथं डाग द्यायला पायजे,’ म्हणाले, आणि कथलाचा एक थेंब त्या भोकावर बसवला. डाग हा शब्द ऐकून तू अशी हसलीस की चाचा बुचकळ्यात पडले.

एप्रिलचं ऊन. राहुरी मागे पडतं, संगमनेर मागे पडतं. तू स्टिअरिंगवर, मी शेजारी, काका मागे. अकोल्याच्या अलीकडच्या चढावर गाडी आचके देते आणि थांबते. काका पुढे वाकतो. ‘संपलं का, वहिनी?’ ‘न्हाई. तापलीय. पंपात पेट्रोलची वाफ झालीय.’ बाबांचा पंचा ओला करून तू पंपाला गुंडाळतेस आणि बांधावर बसून निवांत शेंगा खातेस. मी मात्र सगळे देव पाण्यात घालून बसले होते. मग तू उठलीस, किल्ली फिरवलीस. गाडी खोकली, घरघरली आणि चढली, आई, कुणाचं बोटही न लागता चढली! मी खिडकीतून डोकं काढून अशी ओरडले की रस्त्यावरची शेरडं उधळली.

मामाच्या अंगणात गाडीभोवती माणसं जमली तेव्हा काकाच सगळ्यांना सांगत होता, ‘आमची गाडी हाय, कुठं अडायची न्हाई.’ तू हात पुसत म्हणालीस, ‘डाग लावलाय नव्हं, भाऊजी. आता गळत न्हाई.’ सगळ्यांत मोठ्याने काकाच हसला. भंगाराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

गाडी अजून चालते. परवा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणीतरी विचारलं, वडिलांची का? मी मान ताठ करून म्हटलं, आईची. हे तुला कळवायला पत्ता नाही, म्हणून हा कागद माझ्यापाशीच राहील, आणि तेच बरं. कारण एक गोष्ट तुला तोंडावर कधी सांगता आली नसती. मला ही गाडी मुळीच आवडत नाही. तिच्या वासाने मला लहानपणापासून मळमळतं. मला तिच्यावर वाकलेली तू आवडायचीस.