मास्तरांचं वळण

४ फेब्रुवारी

सही केली! मार्ग ठरला. जुन्या विजेच्या लाइनच्याच पट्ट्यातून नवी लाइन, वळणासकट. दोन महिने नकाशावर वाकून मान आखडली होती, आज सुटले. साहेब म्हणाले, "छान. वेळेत." बास, एवढंच. ऑफिसात त्यांना 'घड्याळ' म्हणतात ते काही उगाच नाही.

जुनी लाइन चाळीस वर्षांची. ती उतरवून तिच्या जागी जास्त दाबाची येणार. टॉवर उंच, खालचा मोकळा पट्टाही आधीपेक्षा रुंद, बावन्न मीटर. त्या पट्ट्यात घर चालत नाही. जुनी लाइन सगळी सुतात गेली आहे, फक्त टेकडीपाशी चार टॉवर बाजूला सरकत जाते आणि मग वळून परत रांगेत येते. ऑफिसात याला 'मास्तरांचं वळण' म्हणतात. मास्तर म्हणजे आमचे बाबा. ही लाइन त्यांनी आखली. सरळ गेले असते तर पुढे खचणारी जमीन लागली असती, ती म्हणे त्यांनी नुसती पायांनी ओळखली! नवीन भरती झालेल्या प्रत्येकाला ते वळण दाखवायला नेतात — बघा, जमीन वाचायची ती अशी. मलाही नेलं होतं. मी मागे उभी राहून फुशारले होते.

वळणात एक घर येतं. झाडांची रोपं विकणाऱ्या एका बाईचं. सरळ गेलो तर एकही घर नाही, पण तिथे ती खचणारी जमीन. नको रे बाबा! तीन वर्षांपूर्वी नदीकाठचा माझा टॉवर कलला तेव्हाच कानाला खडा लावला. दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकूनच पिणार.

७ फेब्रुवारी

नोटीस द्यायला स्वतः गेले. शिपायाला पाठवता आली असती, पण घर उठवायचं तर निदान तोंड दाखवावं.

हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांतली हजारेक रोपं, रांगेत. मागे दोन खोल्या. खिडकीशी पलंग, पलंगावर सासू, तिला उठता येत नाही. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. नर्सरीवालीनं हात पुसले, नोटीस वाचली, परत वाचली, घडी घातली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, एक सांगू? घर मला इकडं बांधायचंच नव्हतं. तिकडं बांधायचं होतं, टेकडीच्या अंगाला. जमीन आमचीच आहे. परवानगी दिली नाही. म्हणे नकाशात ती जमीन खराब. म्हणून तारांच्या जवळ येऊन बसले. आता इकडनंही ऊठ?"

मी जमिनीविषयी थोडं ज्ञान पाजळलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"खराब कुठली? विहीर खणायला घेतली होती आम्ही तिथं. सात फुटांवर पहार वाजली. कातळ! माणसं म्हणाली, सुरुंग लावावा लागेल. सोडून दिली."

"एखाद्या जागी लागला असेल कातळ."

"असेल," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या."

निघताना सासूनं पलंगावरूनच विचारलं, "कोण आलं होतं गं?" नर्सरीवाली म्हणाली, "लाइटवाल्या बाई. झाडं बघायला." त्या उत्तरानं माझी मान खाली गेली.

८ फेब्रुवारी

पहार वाजली. पहार वाजली. दिवसभर तेच.

९ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी बाबांना सहज विचारलं. सहज! दोन दिवस वाक्य घोळवत होते.

"बाबा, टेकडीपाशी जमीन खचते हे तुम्ही कशावरून ठरवलं होतं?"

"फील्डबुकात लिहिलंय."

"ते वाचलंय. एकच ओळ आहे. म्हटलं, आता एक बोअर घेऊन बघू."

कप बशीवर असा आपटला की चहा टेबलावर. "बोअर कशाला? चाळीस वर्षं सगळ्यांना पुरला माझा शब्द, तुला पुरत नाही? तुझा नदीकाठचा टॉवर आठव आधी!"

हे लागलं. जिव्हारी लागलं. बाबा रागावतात, पण दुखऱ्या जागेवर बोट ठेवत नाहीत कधी.

आई समोर जमिनीवर बसून उशांच्या अभ्र्यांचं कापड कापत होती. टेप लावायची, खूण करायची, परत टेप. तिची जुनी खोड, प्रत्येक गोष्ट तीनदा तपासते. गॅस तीनदा, कुलूप तीनदा. बाबा नेहमी चिडवतात, "अगं, कापड पळून नाही जात!" आज चिडवलं नाही. आई लग्नाआधी आमच्याच ऑफिसात नकाशा-खात्यात होती, जेमतेम वर्षभर. लाइन झाली, पुढच्या वर्षी लग्न झालं, नोकरी सुटली. वाटलं, ती तरी माझ्या बाजूनं काही बोलेल. म्हणाली, "टेबल पुसून घे, डाग पडेल."

१२ फेब्रुवारी

सुट्टी टाकून एकटीच गेले. अर्धवट विहीर सापडली. गवतानं बुजलीय, पण आहे. काठाला धरून खाली उतरले, हातोडी मारली. टण्ण! चारी कोपऱ्यांत मारली. चारी कोपरे टण्ण.

एका विहिरीवरून काही सिद्ध होत नाही. मीच म्हणाले होते. तरीही कातळाचा एक कपचा पिशवीत घालूनच वर चढले.

१३ फेब्रुवारी

साहेबांकडे बोअरचं यंत्र मागितलं.

"मार्गावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

"चुकली असेल."

साहेबांनी चष्मा काढला. "मास्तरांवर विश्वास नाही? सख्ख्या बापावर?" शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. शेवटी म्हणाले, "सतराला यंत्र देतो. एक दिवस. अठ्ठावीसला मार्गाची सुनावणी आहे, ती हलणार नाही. आणि हे तू गाजावाजा न करता करायचंस."

कॅंटीनमध्ये एकानं ऐकू जाईल असं म्हटलं, "लेक निघाली बापाचं मोजमाप घ्यायला!" हसले सगळे. मीही हसले. काय करणार?

१७ फेब्रुवारी

तीन बोअर. पहिली दोन मीटरवर अडली. दुसरी त्याच्याही आधी. तिसरी अडीचला. खाली सलग काळा दगड, भेग नाही. यंत्रावरचा म्हातारा धूळ झाडत म्हणाला, "मॅडम, कुणी सांगितलं खचते म्हणून? इथं टॉवर काय, हत्ती नाचवा!"

लांबून नर्सरीवाली बघत होती. झारी हातात तशीच धरून उभी.

१८ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं नाही. बोअरचा अहवाल हातात आला, तो पिशवीतच ठेवला.

२० फेब्रुवारी

आज आई शेजारी गेली होती. अहवाल बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी उघडलाच नाही. म्हणाले, "किती खोल लागला?"

"दोन मीटर."

"हं."

मग खिडकीकडे बघत सांगितलं. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर एक नसते, त्या वेळी इथे दोन अंशांचा फरक होता. तो वजा करायचा. वजा करायच्या जागी मिळवला गेला. झाली चार अंशांची चूक. चार टॉवरांचे पाये भरून झाले तेव्हा लक्षात आलं, लाइन शंभर मीटर बाजूला!

"मग सांगायचं ना तेव्हाच!"

"पाये फोडायचे म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे कुणाची तरी नोकरी. वळवून परत आणली लाइन आणि लिहून टाकलं — जमीन खचते. कुणाचं काय बिघडणार होतं? माळरान होतं सगळं."

मी ओरडले. बापावर ओरडले! सांगितलं, बिघडलं म्हणून. तुमच्या त्या एका ओळीमुळे नकाशावर खराब जमिनीच्या आडव्या रेघा आल्या, त्या रेघांमुळे एका बाईला स्वतःच्या जमिनीवर घर बांधू दिलं नाही, ती तारांजवळ आली, आणि आता तिथूनही मी तिला उठवतेय. मी!

बाबा ऐकत होते. मला वाटलं होतं भांडतील. त्यांनी अहवाल न उघडताच माझ्याकडे सरकवला. रागाच्या भरात मी खोलीतून निघून आले. नंतर स्वयंपाकघरात उभी राहून खूप रडले. बाबांनी चूक केली याचं नाही एवढं. मी त्या वळणावर उभी राहून फुशारले होते, त्याचं.

२१ फेब्रुवारी

रेकॉर्ड रूममधून जुनं फील्डबुक परत काढून आणलं. या वेळी हिशेबाचं पान बघितलं. खरंच आहे. वाचलेले कोन पेन्सिलीत, खाली हिशेब शाईत, आणि तिथे वजाच्या जागी अधिक. एवढीशी खूण! शाई बघून जरा नवल वाटलं, बाबा जन्मभर पेन्सिलीनं लिहीत आले. त्या दिवशी पेन्सिल मोडली असेल.

२३ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. अहवाल वाचला होता.

"हा सुनावणीनंतर आला तर?"

"आलाय ना पण."

"यंत्राचे अहवाल उशिरा येतात कधीकधी. सगळ्यांना माहीत आहे." मग आवाज मऊ करून, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर पंचाहत्तरीला आलेत. या वयात त्यांचं नाव मातीत घालणार? जुन्या पट्ट्यात बाईला भरपाई मिळेलच की. तू आणलास तर मी अडवणार नाही. पण मी मागणारही नाही."

म्हणजे सगळं माझ्यावर. शहाणे आहेत.

खरं लिहायचं तर — मोह झाला. अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवला, किल्ली फिरवली. दोन तास तशीच बसले. आपलेच दात, आपलेच ओठ. मग ती सासू आठवली, कोण आलं होतं गं विचारणारी. तिचा पलंग कुठे हलवणार? कुठल्या खिडकीशी? साडेपाचला अहवाल परत पिशवीत घातला.

२५ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं की अहवाल ठेवणार आहे. वाटलं, आता बोलणंच टाकतील.

म्हणाले, "ठेव. मीही येतो. माझ्या हातून झालं म्हणून मी सांगेन, तुला सांगायला लागू नये." जरा थांबून, "फक्त आईला आणू नकोस. तिला यातलं काही माहीत नाही. कळायलाही नको."

चाळीस वर्षं बायकोसमोर मास्तर म्हणून राहिले, तिच्यापुढे मान खाली घालायची लाज वाटणारच. कबूल केलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा, आणि मला त्यांचा राग धरवेना.

२७ फेब्रुवारी

उद्या. बाबांनी आज स्वतःच सदऱ्याला इस्त्री केली आणि बाही जाळली. आईनं दुसरा सदरा काढून ठेवला, काही न विचारता. मी आईला सांगितलं, ऑफिसचा एक कार्यक्रम आहे, बाबांना बोलावलंय. "हो का?" म्हणाली. एवढं सरळ खोटं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

२८ फेब्रुवारी

मार्ग सरळ! नर्सरी राहिली. माझी जुनी सही रद्द.

अहवाल ठेवला. अधिकाऱ्यांनी विचारलं, जमीन एवढी चांगली, तर मग हे वळण आलं कुठून? बाबा खुर्चीचा हात धरून उठायला लागले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला, "त्यांना बसू द्या." आई! एकटीच बस पकडून आलेली, हातात माझ्या टेबलावरची सुनावणीची नोटीस. "मोजणी यांची बरोबर होती. हिशेब मी केला होता. ऑफिसात सहा महिने झाले होते मला, नोकरी पक्की नव्हती. यांनी स्वतःच्या नावावर घेतलं." मग नर्सरीवालीकडे वळली. "तुमचं घर चुकीच्या जागी आलं ते माझ्यामुळे." नर्सरीवालीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बसा आधी, आई."

परतताना मी गाडी चालवत होते, ती दोघं मागे. बाबांनी आईला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. पुढचा नकाशा काढताना."

"आणि चाळीस वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"